मैदानाची किल्ली

आमच्या घराचं दार उघडलं की समोर गावचं मैदान. बेंबळीच्या अलीकडचं आमचं गाव. लग्नाचे मांडव, पोळ्याची मिरवणूक, सकाळी बायकांचं फिरणं, सगळं इथंच. अलीकडं मात्र दुपार कलली की लिंबाखाली पिणारे जमायला लागले. शिव्या, भांडणं, फुटक्या बाटल्या. एका सकाळी माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या पायात काच घुसली आणि आमचं फिरणं थांबलं.

मी तरातरा त्या पिणाऱ्यांकडं गेले. तोंड उघडणार तोच एकजण उठला. माझे यजमान शेतात चक्कर येऊन पडले, तेव्हा त्यांना जीपमध्ये घालून धाराशिवला नेणारा हाच. डोळे तांबारलेले, तरी ग्लास पाठीमागं लपवून म्हणाला, "काकू, उन्हात कशाला आलात? बसा की."

"काचा तरी उचला रे," एवढं म्हणून परतले.

दुसऱ्या दिवशी काचा उचललेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा नव्या काचा पडलेल्या.

ग्रामसभेत कुणी गाळे बांधा म्हणालं, कुणी बाग करा. शेवटी ठरलं ते तारेचं कुंपण आणि लोखंडी गेट. मीही हात वर केला. घर समोर, म्हणून किल्ली माझ्याकडं आली.

"चांगल्या माणसांनाच उघडा," सरपंचबाई म्हणाल्या. मी मान डोलावली. पण चांगलं माणूस म्हणजे नक्की कोण, हे विचारायचं राहून गेलं.

थोड्या दिवसांनी ग्लास लपवणाऱ्या त्या माणसाची बायको आली. "काकू, गेट उघडं ठेवा."

"अगं, तुझ्याच घरचा ताप मिटावा म्हणून बंद केलंय ना?"

"व्हय. पन आता ते तलावाकडं जाऊन बसतेत. हितं आमच्या दारातून दिसायचे तरी. जेवायला हाक मारता यायची. तिकडं पान्यात पडले तर कुनाला कळनार?"

जाऊबाई शेजारीच बसल्या होत्या. "उघडलंस तर मी परत तिथं पाय ठेवायची न्हाय," त्या म्हणाल्या.

मला दोघींचंही पटत होतं. किल्ली परत द्यायला गेले, तर सरपंचबाई म्हणाल्या, "मग काय करायचं तुम्हीच सांगा." किल्ली घेऊन मी परत आले.

एका दुपारी मी गेट उघडलं आणि उंबऱ्यात बसून राहिले. तो आला. गेट सताड उघडं, तरी बाहेरच थांबला. "काकू, आत येऊ का?"

"जेवलास का?" मी विचारलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली. मी भाकरी-पिठलं दिलं. लिंबाखाली बसून निवांत जेवला, ताट धुऊन आणून दिलं आणि निघाला.

"कुठं?" मी विचारलं.

"तलावाकडं. तुमचं खाऊन इथंच कसं प्यायचं?" तो म्हणाला.

त्याला हाक मारून बोलवावं, का गेट लावून घ्यावं, मला कळेना. किल्ली मुठीत धरून मी गेटापाशी जाऊन उभी राहिले.