भट्टीवाल्याचा चिखल

सत्तावीस वर्षं त्यानं लोखंड ढवळलं. भट्टीच्या तोंडातून लांब सळई आत घालायची आणि वितळलेला रस शुद्ध होईपर्यंत ढवळत राहायचं. तो घट्ट व्हायला लागला की डोळ्यांआधी हाताला कळतं. मग त्याचे गोळे करून बाहेर ओढायचे. गल्लीत त्याला ढवळ्या म्हणत. लोकांच्या घरातही तो तेवढ्याच जोमानं ढवळाढवळ करी, हे त्या नावाचं दुसरं कारण. पण ते त्याच्या तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती.

सुतार त्याच्या लेखी खुंट्या ठोकणारे, गवंडी विटांचे हमाल. आणि सगळ्यात हलका धंदा बायकोच्या भावाचा. मेहुणा तळ्यांच्या बांधात चिकणमाती भरायचा. ओली माती पायांनी तुडवून तुडवून एकजीव केली, की पाणी झिरपत नाही.

"जन्मभर चिखल तुडवतोय, पाय कधी धुणार?" ढवळ्या भर पंगतीत विचारी. मेहुणा मान खाली घालून जेवे.

पुढे लोखंड हवेच्या झोतानं शुद्ध करणारी यंत्रं आली आणि भट्टी थंडावली. चार महिने नवरा घरात बसलेला पाहून बायकोनंच भावाकडे शब्द टाकला.

"येऊ दे दाजींना," तो म्हणाला. "पण तुडवावं लागेल."

ढवळ्यानं बांधाचा आठ हातांचा तुकडा दुपारपर्यंत उरकला. ढेकळं तशीच ठेवली, वरून पाणी शिंपडलं, फावड्यानं गुळगुळीत केलं. "यात कसली आलीय अक्कल!"

तळ्यात पाणी सोडल्यावर तिसऱ्या दिवशी नेमकं तिथूनच पाझरलं. पाणी उपसून मेहुण्यानं सगळ्यांदेखत बांधात हात घातला आणि एक न तुडवलेलं ढेकूळ काढून ढवळ्याच्या तळहातावर ठेवलं.

"दाजी, अगदी चिखल करून ठेवलात की हो."

कुणीतरी फिसकन हसलं. ढवळ्याच्या कानशिलांना भट्टीसमोर लागली नसेल अशी धग लागली.

तो तुकडा त्यानं एकट्यानं खणला आणि चार दिवस तुडवला. चौथ्या दिवशी माती जडावली, टाच सोडेना. भट्टीत घट्ट होणारं लोखंडही सळईला असंच धरून ठेवायचं. हे उमगलं तेव्हा तो मेहुण्यावरच उखडला. यात एवढी अक्कल लागते हे इतकी वर्षं ठाऊक असून गाढव बोललं कसं नाही!

बांध टिकला. ढवळ्यानं माफी मागितली नाही, मागणारही नाही. तो अजून त्याच कामावर आहे. शिव्या मात्र आता बांधाला मातीऐवजी सिमेंट लावणाऱ्यांच्या वाट्याला येतात. पाय भिजवायची लाज वाटते म्हणे मेल्यांना.