नेहमी उजवीच पडणारी पाकळी

आमची मनाली कॉम्प्युटर शिकते. तिने मोबाईलवर एक खेळ बनवला आहे: मुलांनी आपल्या भागातल्या जुन्या जागा हिंडायच्या, प्रत्येक ठिकाणचा इतिहास उलगडायचा आणि शेवटी देवळात कौल घ्यायचा. पेडण्याजवळच्या आमच्या गावात देवाला गाऱ्हाणे, म्हणजे लोकांच्या वतीने मागणे, मी घालतो. तेच तिला खेळासाठी माझ्या आवाजात हवे होते. देवाशी बोलायचे शब्द खेळात द्यावेत का, मला समजेना. "आधी खेळून बघा, मग सांगा," ती म्हणाली.

म्हणून रविवारी आम्ही दोघे स्कूटरने डिचोलीला निघालो. कोलवाळ, म्हापसा, अस्नोडा असा रस्ता. म्हापशातली गर्दी टाळायची तर सकाळी लवकर निघावे. लामगावची लेणी डिचोलीला लागूनच आहेत. खेळ मात्र घरूनच उतरवून घ्यावा, तिथे रेंज येते-जाते. काळोख्या लेण्यासमोर मोबाईल धरला, तर पडद्यावर तेच लेणे, आत समई पेटलेली आणि कोणी जपाला बसलेले. मी चपला काढल्या.

"बाबा, आपण अजून वाटेवरच आहोत," मनाली म्हणाली.

चपला कुठे काढायच्या, तेही मला ठरवता येईना.

डिचोलीच्या बाजारात एका छोट्या हॉटेलात पातळभाजी आणि गरम उंडे, म्हणजे इथले गोल पाव, खाल्ले. स्वस्त आणि झकास. हॉटेल शेवंताबाईंचे, मूळच्या दोडामार्गच्या. आमचा मोबाईल टेबलावर होता आणि खेळ शेवटच्या देवळात आला होता: काळी मूर्ती, दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. शेवंताबाईंनी ते बघितले, हात पुसले, डोक्यावर पदर घेतला.

"देवा, माज्या संतोषाक बोटीर कामाक धाडू?"

उजवी पाकळी पडली. त्यांनी मोबाईलला नमस्कार केला आणि चहा ओतायला गेल्या.

"बाबा, ती नेहमी उजवीच पडते," मनाली कुजबुजली. "नकार आला की मुलं खेळ सोडतात."

मी हातातला उंडा खाली ठेवला. एका आईचा मुलगा समुद्रावर जाणार, तोही आमच्या मोबाईलच्या होकारावर? चहा घेऊन आल्यावर मी त्यांना खरे काय ते सांगितले.

"माका कळता भाऊ, मोबाईल तो," त्या म्हणाल्या. "पण देवळात इचारूक धीर होणा नाय. उजवी पडली तर झील जातलो, डावी पडली तर घरात तोंड चढवन बसतलो. आता एकदा इचारून झाला. सोमवारी देवाक इचारतंय."

परतीच्या वाटेवर मनात तेच घोळत होते. त्या बाईला आम्ही फसवले की धीर दिला? नकार न देणाऱ्या देवापुढे गाऱ्हाणे घालायचे तरी कशाला? अस्नोड्याला पूल ओलांडताना मनालीला म्हटले, "डावीही पडू दे, मग देतो आवाज." ती हो म्हणाली.

रात्री जेवणाआधी तिने मोबाईल समोर धरला. मी हात जोडले आणि अडलो. गाऱ्हाण्यात माणसाचे नाव घ्यावे लागते, कोणासाठी मागतो ते देवाला सांगावे लागते.

"खेळणारा कोणीही असेल, बाबा. नाव कसं घालणार?"

शेवंताबाईंचा सोमवार अजून यायचा होता. त्यात काय होईल ते मला माहीत नव्हते. खेळात गाऱ्हाणे घालणे बरोबर की चूक, तेही कळत नव्हते. मी डोळे मिटले आणि सुरुवात केली, "देवा महाराजा, डिचोलीच्या शेवंताबाईचो झील संतोष, तो खंयही आसलो तरी तेका सांभाळ..."