बोहलं खाली आलं

पोलिओने माझे पाय लहानपणीच गेले होते. लग्न ठरलं तेव्हा मी चेन्नईजवळच्या तांबरमच्या एका कॉलेजात शिकवत होते आणि चाकाच्या खुर्चीवरून सगळीकडे फिरत होते. बाबा, मामा आणि भटजींबरोबर चेन्नईच्या वेस्ट मांबलममधलं कार्यालय पाहायला गेलो, तर बोहलं उंच स्टेजवर आणि वर जायला नुसत्या पायऱ्या.

"त्यात काय, मामा उचलून नेतील," मॅनेजर म्हणाले. मामा तयारच होते.

मी म्हटलं, "मामा, नवरा मुलगा आपला आपण येणार आणि मी बोचक्यासारखी येऊ?"

बाबा भटजींकडे वळले. त्यांनी विचारलं, "होम खाली सभागृहात केला तर चालेल ना?"

"अग्नीला स्टेज कशाला लागतं?" भटजी हसले. "विटा मांडा, झालं!"

लग्नाच्या दिवशी सनईसारखं नादस्वरम सुरू झालं आणि मी स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत होमापाशी गेले. सप्तपदीलाही उपरण्याची गाठ सांभाळत नवऱ्याच्या बरोबरीने फिरले. ऊर अभिमानाने भरून आला होता.

अक्षतांच्या वेळी तर कमालच झाली. गुडघ्यांमुळे पायऱ्या न चढता एरवी लांबच बसणाऱ्या आमच्या तंजावरच्या नात्यातल्या म्हाताऱ्या थेट माझ्यापर्यंत आल्या. आत्या माझा चेहरा कुरवाळत म्हणाली, "अगं, इतक्या वर्षांत नवरीचं तोंड आज जवळून दिसलं!"

पुढच्या वर्षी तिच्या नातीचं लग्न झालं. मुलगी चांगली धडधाकट, पण आत्याने हट्टाने बोहलं खालीच मांडायला लावलं.