तंगवेलचा पिवळा नकाशा

तंगवेल आमच्या कोइमतूरच्या सूतगिरणीत कॉम्प्युटरवर बसायचा. कमरेला पांढरी वेष्टी, कपाळावर विभूती, तोंडात मूग. गिरणीत ईमेल आलं तसे बदलीचे अर्जही त्यातूनच घ्यायचं ठरलं. वाचता न येणाऱ्या बायकांनाही भरता यावा म्हणून तंगवेलने स्वतः प्रोग्राम लिहून अर्जात गिरणीचा नकाशा बसवला. हव्या त्या खात्यावर माऊस दाबला की ते पिवळं व्हायचं.

"तंगवेल अण्णा, यात कँटीन कुठाय?" बायकांनी चिडवलं. गड्याने दुसऱ्या दिवशी इडलीच्या भांड्यासकट कँटीन काढलं!

पाक्कियम कापूस पिंजायच्या खात्यात होती. धुळीने तिची छाती भात्यासारखी वाजायची. तिने पॅकिंग मागितलं. ते पिवळं झालेलं मी शेजारी उभं राहून पाहिलं. उत्तर आलं, 'खातं निवडलेलं नाही, आहे तिथेच राहा.' ती पिंजायला गेलीच नाही. मॅनेजरने तिला काढायची चौकशी लावली. कामगार संघटनेतर्फे मी गेले.

"अर्ज कोरा आला," मॅनेजर म्हणाला. "या बायकांना भरता येत नाही, त्याला कंपनी काय करणार?"

माझं डोकं सणकलं. "तिच्या छातीतली धूळही कोरीच दिसते का तुम्हाला?"

"अक्का, बसा जरा," तंगवेल पुटपुटला. प्रोग्राम ठीक आहे एवढंच सांगायला कंपनीने त्याला आणलं होतं.

"बसू? तुझ्या नकाशाने हिच्या पुढ्यातलं ताट ओढलं, आणि मी बसू?"

तो उठला. "सार, चूक माझी. नकाशा मी अर्जातल्या रकान्याला जोडलाच नाही. पडद्यावर पिवळं दिसतं, पण अर्जासोबत काहीच जात नाही."

"शुद्धीत आहेस का?"

"तुम्हीच पाठवून बघा, सार."

मॅनेजरने पॅकिंग दाबलं, स्वतःलाच पाठवलं, उघडलं. नकाशा कोरा.

पाक्कियम पॅकिंगला गेली. तंगवेलला गोदामात टाकलं. आणि मॅनेजर? त्याच्याकडे प्रत्येक बाईचा अर्ज कोराच येत होता. एकदा तरी खाली येऊन विचारावं! उलट बायका अडाणीच, हे त्याला आयतं पटलं. त्याला कोणी कुठे टाकलं नाही.

गोदामात जाऊन मी तंगवेलवरही ओरडले, "अरे, एकदा स्वतःला पाठवून बघायला काय झालं होतं तुला?"

तो कापसाच्या गाठी मोजत राहिला. "पिवळं झालं की बायका हसायच्या, अक्का. मला वाटलं, पोचलं."

मी शिव्या गिळल्या. शेजारच्या पॅकिंगमधून पाक्कियमचा खोकला ऐकू येत होता.