उन्हात वाळवलेल्या सेलांची जपानी

सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दडी मारली होती. पुंडलिकनगरात आमच्या गल्लीला नळाचं पाणी कधी येईल याचा नेम नव्हता. शहर मात्र वाढतच होतं. आज मोकळा दिसलेला प्लॉट आठवड्यानं बघावा तर तिथं विटांचा ढीग. प्यायला पाणी नसलेल्या गावात सिमेंट कालवायला पाणी कुठून मिळतं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

तेव्हा शहराला औरंगाबादच म्हणत. मी इतिहास घेऊन बी.ए. झाले होते आणि वाळूजच्या एका कंपनीत कामाला असलेल्या थोरल्या भावाकडं राहत होते. आमचं गाव लासूर स्टेशनच्या पलीकडं. घरात पिढीजात मेंढरं, जोडीला थोडी कोरडवाहू जमीन. आणि अशा घरातल्या मुलीला वेड लागलं होतं जपानी शिकायचं. वेरूळला येणाऱ्या जपानी पाहुण्यांना मला त्यांच्या भाषेत लेणी दाखवायची होती. कॉलेजच्या सहलीत असा एक घोळका पाहिला होता. शेजारी उभं राहून कोणी तरी मोडकंतोडकं इंग्रजी फेकत होतं आणि पाहुणे नुसती मान हलवत होते. एवढ्या लांबून येऊन माणसं न कळताच परत जातात, याचा मला भयंकर राग आला होता. राग मला लवकर येतो, पण त्या वेळी तो कामाला आला.

भावानं ऐकून घेतलं आणि मुदत घातली. "पुढल्या होळीपर्यंत बघ. काम लागलं तर बरं. नाय लागलं तर आबा म्हणतेत तसं गावाकडं जायचं. उन्हाळ्यात पाहुणे बघायला येतील."

आबा म्हणजे आमचे वडील, पाहुणे म्हणजे नवऱ्यामुलाकडचे. मी व्हय म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

जपानी शिकवणारं कोणी ओळखीचं नव्हतं. शहागंजच्या जुन्या बाजारात मला इंग्रजीतून जपानी शिकवणाऱ्या कॅसेटींचा एक जुना संच सापडला होता. माझं इंग्रजीही लंगडंच. पण एक वाक्य ऐकायचं, टेप थांबवायचा, मोठ्यानं म्हणायचं आणि पुन्हा ऐकायचं, एवढीच रीत असल्यामुळं निभावलं.

टेप वहिनीच्या माहेरचा होता. अडचण होती ती लाइटची. मला वेळ मिळायचा दुपारी, आणि लोडशेडिंगही दुपारीच. लाइट आली की सगळ्या गल्लीच्या पाण्याच्या मोटारी एकदम घरघरायच्या आणि काही ऐकू यायचं नाही. म्हणून टेप सेलवर चालायचा. सेल संपत आले की वहिनी ते गच्चीवर, वाळत घातलेल्या कुरडयांच्या शेजारी उन्हात मांडायची. उन्हात तापवले की सेल आणखी थोडे दिवस चालतात, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. दुष्काळात ऊन तेवढं मुबलक होतं.

टँकर यायचा असला की आम्ही दोघी ड्रम लावून दारात बसायचो. मांडीवर टेप. त्यातली जपानी बाई अगदी संथ, जाड्या आवाजात बोलायची. एकेक शब्द पाटावर ठेवल्यासारखा. मी मनात तिचं चित्रही काढलं होतं: साठीची, अंगानं भरलेली, कशाचीच घाई नसलेली बाई. इंग्रजी बोलणाऱ्या माणसाचा तर घसाच बसलेला. मला वाटायचं, मोठे लोक असंच बोलत असतील. वहिनीला ती बाई फार आवडायची. "कशी शांत बोलते बघा ताई," ती म्हणायची. "आपल्या गल्लीत एक तरी आहे का अशी?"

वर्षभरात मी सगळ्या कॅसेटी पाठ केल्या. त्यांच्यात हॉटेल होतं, स्टेशन होतं, टॅक्सी होती, पण लेणी नव्हती. ते शब्द मी ग्रंथालयातल्या कोशातून शोधून काढले आणि त्या बाईच्या चालीत बसवले. वेरूळची सगळी हकीकत वहिनीला जपानीत ऐकवली. तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण मी कुठं अडखळले ते ती बरोबर सांगायची.

मग मी स्टेशन रोडवरच्या एका टूरच्या ऑफिसात गेले. तिथले साहेब कामानिमित्त जपानला जाऊन आलेले होते. मी जपानीत नमस्कार केला, नाव-गाव सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला.

"मॅडम, तब्येत ठीक आहे ना?"

मला वाटलं चेष्टा करताहेत. पिशवीतली पहिली कॅसेट काढून टेबलावर ठेवली आणि म्हटलं, मी हिच्याकडनं शिकले. त्यांच्याकडं इन्व्हर्टर होता आणि लाइटवर चालणारा चांगला टेपही. त्यांनी कॅसेट घातली. आतून विशीतली एक पोरगी चिमणीसारखी चिवचिवायला लागली.

"ही कोण?" मी विचारलं.

"तुमच्या बाई," साहेब म्हणाले, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. मेलेल्या सेलांवर टेप रखडत चालायचा आणि वर्षभर मी ते रखडणंच शिकले होते. बाहेर येऊन रिक्षात बसले आणि रडले. घरी आले तेव्हा राग आला होता. भावाच्या बॅटरीत घालायला आणलेले कोरे सेल काढून टेपमध्ये घातले आणि सगळ्या कॅसेटी पुन्हा पहिल्यापासून ऐकायला घेतल्या. हळूहळू कान वेगाला सरावले. जीभ मात्र ऐकेना. ती आपली बैलगाडीनंच चालायची.

होळी तोंडावर आली आणि साहेबांचा निरोप आला. एकाच दिवशी दोन जपानी ग्रुप येत होते आणि त्यांचा नेहमीचा माणूस अजिंठ्याला जाणार होता. "तुम्ही वेरूळच्या ग्रुपबरोबर जा," ते म्हणाले. "फार बोलू नका. सगळे गाडीत बसले की नाही तेवढं बघा."

मी वहिनीची ठेवणीतली साडी नेसून गेले. ग्रुप म्हाताऱ्यांचा होता, पांढऱ्या टोप्या घातलेल्या आजी-आजोबांचा. बऱ्याच जणांच्या कानात यंत्रं. त्यांच्याबरोबर जपानहून आलेली तरुण मुलगी पुस्तकात बघून माहिती सांगत होती. ठरल्याप्रमाणं मी गप्प होते.

दहाव्या लेणीत शिरलो. हिला आमच्याकडं सुताराची झोपडी म्हणतात, कारण वरचं छत लाकडी वाशांसारखं कोरलंय. समोर मोठी बसलेली बुद्धमूर्ती. तिथं आवाज घुमतो, एक शब्द विरायच्या आत दुसरा त्याच्यावर येऊन पडतो. ती मुलगी भराभर वाचत होती आणि सगळ्याचा नुसता गलका होत होता. म्हातारे कानामागं हात धरून एकमेकांकडं बघत होते. एका आजींनी कानातलं यंत्र काढून पर्समध्ये टाकलं आणि मान हलवायला सुरुवात केली.

ती मान बघितली आणि माझा संयम संपला. मी पुढं झाले. मुलीची माफी मागितली आणि बोलायला लागले. मला येत होतं तसंच, संथ, एकेक शब्द सुटा. एक शब्द वर छतापर्यंत जायचा, घुमायचा, विरायचा, आणि तोपर्यंत माझी जीभ पुढच्या शब्दाशी पोचलेली असायची. लेणीला हवा होता तोच वेग माझ्या तोंडात होता. दगडाचे वाशे सांगितले, ते कोरणारे हात सांगितले. टोप्या उतरल्या. आजींनी पर्समधून यंत्र काढून पुन्हा कानात बसवलं. मी थांबले तेव्हा त्या जवळ आल्या, माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "मोओ इचिदो."

म्हणजे पुन्हा एकदा.

मी सगळं पुन्हा सांगितलं. ती तरुण मुलगीही पुस्तक मिटून ऐकत होती. इतका आनंद मला त्याआधी झाला नव्हता, आणि तो लपवावा असंही वाटलं नाही. मी दात दाखवून हसत होते.

त्या मुलीनं संध्याकाळी ऑफिसात काय सांगितलं कोण जाणे. साहेबांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि पुढच्या महिन्यांतले सगळे जपानी ग्रुप माझ्या नावावर लावले.

"फक्त मॅडम, जरा वेगानं बोलता येईल का?"

"गाडीत बोलेन," मी म्हटलं. "लेणीत नाय."

"बरं बरं," साहेब म्हणाले.

घरी सांगितल्यावर वहिनीनं मला उचलायचाच बेत केला होता. भाऊ चपला घालून कोपऱ्यावरच्या फोनच्या टपरीवर गेला. मी मागोमाग गेले. त्यानं गावातल्या दुकानात फोन लावून आबांना बोलावून घेतलं. पाहुणे होळीनंतर येणार, दिवस ठरवायचाय, असं आबा तिकडून म्हणत असावेत. भाऊ हं हं करत होता. मग त्यानं माझ्याकडं बघितलं.

"पाहुण्यांना नाय म्हणून सांगा, आबा. तिला सुट्टी नाय."