मुठीचा डबा

ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस आमच्या ख्रिस्ती मंडळीत मोठ्या थाटात पाळले जात. आमचे यजमान मंडळीचे वडील, म्हणजे पंचच. त्यांनी चहा सोडला आणि कॉफी धरली, तीही दुप्पट साखरेची. रेशनची साखर त्या पुण्यकर्मात पंधरवड्याआधीच संपायची.

शिवाय घरोघरी मुठीचा डबा असे. रोज भाकरीला बसण्याआधी बाईने एक मूठ जोंधळे झाकणाच्या भोकातून त्यात टाकायचे आणि ईस्टरला डबा देवळात नेऊन गरिबांसाठी उघडायचा. तोवर झाकणाला हात लावायचा नाही. तोवर गरिबांनी काय करायचं, हे पाळकसाहेबांनी कधी सांगितलं नाही.

भिंतीपलीकडे एक टांगेवाला राहायचा. त्या साली घोड्याच्या लाथेनं त्याचा पाय मोडला आणि त्याच्या बायकोची चूल दिवसाआड पेटू लागली. त्यांची धाकटी मिशनच्या शाळेत मी शिकवायचे त्याच वर्गात होती. तिसऱ्या तासाला ती बाकावर डोकं टेकायची. ही झोप नव्हे, भूक आहे, हे कळायला मला, शिकलेल्या बाईला, आठवडा लागला!

मी म्हटलं, डबा उघडू या.

"ते देवाचं आहे," यजमान म्हणाले. "अरण्यात प्रभूलाही भूक लागली होती. केली का त्यानं दगडाची भाकर?"

"स्वतःसाठी नाही केली. दुसरे भुकेले दिसले तेव्हा गवतावर बसवून पोटभर वाढलं."

त्यांनी कॉफीचा घोट घेतला. मला त्यांची किळस आली. पण मी तरी काय दिवे लावले? एकदोनदा वाटीभर पीठ भिंतीवरून दिलं आणि स्वतःला संत समजून गप्प बसले.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमची चूल बंद असे. दुपारची उपासना आटोपून आलो, तर टांगेवाल्याची बायको दारात उभी. पदराखाली अर्धी भाकरी, वर खर्डा.

"बाई, सकाळधरनं धूर दिसंना. म्हटलं, तुमच्यातबी संपलं का काय. एवढंच हाय, खावा."

'उपवास आहे' म्हणायला यजमानांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मी भाकरी घेतली, फळीवरचा डबा खाली ओढला आणि तिच्यासमोरच झाकण काढलं.

आत किडे वळवळत होते. निम्म्या जोंधळ्याचं पीठ झालेलं. आमचा धर्म किड्यांनी खाल्ला होता.

तिनं नाक मुरडलं नाही. सूप मागून घेतलं, अंगणात बसून पाखडलं, उरलेलं पदरात बांधलं. उठताना तिनं त्या रिकाम्या डब्याकडे एकदा पाहिलं.

"एवढं हुतं व्हय वो घरात?"