अजून माहीत नाय

आज मी शेंद्र्याच्या कारखान्यात धडधाकट उभा आहे, तो छावणीतल्या दवाखान्यातल्या त्या डॉक्टरबाईंमुळे. नाव लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही.

माझ्या आतड्यात वाढलेला मांसाचा छोटा कोंब त्यांनी दुर्बिणीतून काढला आणि तपासणीत त्यात कॅन्सर निघाला. गोंदियाहून आईचा फोन आला, "हत्यार लागलं की तो पसरते रे बापू." मी सातवीत शाळा सोडलेला, घाबरलो; हत्यार तर लागून गेलं होतं. बाईंना म्हणालो, "आतडं कापा, तो पसरला असेल त्या शेजारच्या गाठीही काढा, पण मोकळं करा."

बाई हसल्या नाहीत. चष्मा कपाळावर, हातात निवलेला चहा. "दम धरा की दादा," म्हणत त्यांनी माझ्या खाटेवरच्या गोधडीचे पदर चिमटीत धरले. "आतड्यालाबी असे पदर असत्यात. कॅन्सर वरच्या पदरात असंल तर गाठींत जायची भीती कमी. खोल गेला असंल, नाहीतर नसांत शिरला असंल, तर कापावं लागंल."

त्यांनी काढलेल्या त्या कोंबाचे आणखी पातळ काप तपासायला लावले. मी रोज विचारायचो. त्या खोटा धीर न देता म्हणायच्या, "अजून माहीत नाय." लई राग यायचा.

मग एका सकाळी स्वतः खाटेशी आल्या. "वरवरच हाय. नसांत नाय, काढलेल्या तुकड्याच्या कडाबी साफ. कापायचं नाय. पण भीती समदी गेली नाय, तपासायला यायचं. चुकवलं तर कान धरीन."

आता त्या निवृत्त झाल्यात, पैठणला राहतात म्हणे. त्यांच्यावर कधी रिपोर्टची वाट बघत बाकावर बसायची वेळ आली, तर सुट्टी टाकून त्यांच्या शेजारी बसायला मी जाणार.